पाटीचं पाणी

मंगळवार, १४ जानेवारी २००३

विद्यापीठातल्या माझ्या जुन्या विभागातून पत्र आलं. त्यात मला 'प्रिय महोदय' म्हटलं आहे. एकतीस वर्षं मी त्या प्रयोगशाळेत काढली, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, आणि मी बाई की बुवा हे तिथल्या कारकुनाला माहीत नाही. सिस्टर बेनेडिक्टच्या शाळेत असं पत्र लिहिणाऱ्या मुलीला ते शंभर वेळा लिहून काढावं लागलं असतं. सिस्टर आयर्लंडची नन. आमच्या आकुरे गावच्या उन्हात वीस वर्षं राहूनही तिचा स्वभाव काही वितळला नाही, आणि मला त्याचा फायदाच झाला.

पत्राचा मजकूर असा: माजी तंत्रज्ञ श्री. सलावू अलाबी यांनी आपला थायरॉइडचा कर्करोग प्रयोगशाळेतल्या कामामुळे झाल्याचा अर्ज केला आहे. सन १९७४ ते १९८६ च्या आयोडिनच्या थेंबांच्या रजिस्टरातील सह्या आपल्याच आहेत असे प्रमाणित करून कळवावे.

सलावूला कर्करोग झाला, आणि हे मला कारकुनाकडून कळतं.

बाहेर धुळीचा वारा सुटला आहे. पत्र दोनदा वाचलं. चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचलं. मजकूर तोच.

शुक्रवार, १७ जानेवारी

इबादानमधल्याच येमेतू वस्तीत जाऊन आले. सलावूच्या गल्लीत गाडी शिरत नाही. मोटारसायकलवाला पोऱ्या म्हणाला, "आजी, मागं बसा, नेतो." मी त्याला म्हटलं, मी तुझी आजी असते तर तू डोक्यावर हेल्मेट घातलं असतंस. चालत गेले.

दारात उशीवर टेकून बसलेला माणूस मी ओळखला नाही. त्यानंच ओळखलं. आवाज गेला आहे, कागदावर कागद घासावा तसा बोलतो.

"मॅडम, अजून तशाच ताठ चालता?"

"कण्याला सवय आहे. तू कशाला वाकलास?"

"खुबा खाल्लान या रोगानं," म्हणाला आणि हसला. हसताना खोकला आला. तो थांबेपर्यंत मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले.

दोन वर्षांपूर्वी मानेतली गाठ काढली होती. ती परत आली, आणि आता फुप्फुसात आणि कमरेच्या हाडात उतरली आहे. डॉक्टरांनी एकच उपाय उरल्याचं सांगितलं आहे. किरणोत्सारी आयोडिन प्यायला द्यायचं, म्हणजे त्या पेशी जिथं असतील तिथं ते ओढून घेतात आणि मरतात. ते इथं मिळत नाही, दक्षिण आफ्रिकेला जावं लागतं. आजार नोकरीतून आला असं समितीनं म्हटलं तरच विद्यापीठ पाठवणार. म्हणून तो अर्ज.

म्हणजे बारा वर्षं ज्या वस्तूपासून त्याला वाचवायचं होतं, तीच आता पाजायला हवी. हे तोच म्हणाला. मला हसू आलं नाही.

त्याची बहीण सिनातू त्याचं सगळं करते. त्याच्याहून पंधरा वर्षांनी धाकटी, विधवा, कापडाचा धंदा आहे. मला आई म्हणते. बोलायला लागली की थांबत नाही. मोइनमोइन, म्हणजे वाफवलेल्या चवळीच्या वड्या, वाढता वाढता तिनं मला आपली सगळी कथा ऐकवली. इकारेला त्यांच्या गावात निम्म्या बायकांच्या माना सुजलेल्या. विसाव्या वर्षी हिची गाठ पपईएवढी झाली, लग्न कोण करणार? हिची एक आत्या त्याच गाठीच्या ऑपरेशनमध्ये टेबलावरच गेली होती. तेव्हापासून वडिलांनी, ते मुलांना कुराण शिकवायचे, शपथ घातली होती की दवाखान्याचं औषध या उंबऱ्याच्या आत येणार नाही.

"मग भाऊनं इबादानहून पाणी आणायला सुरुवात केली, आई. पाटीवर कुराणातली आयत लिहायची, शाई धुवायची, ते पाणी प्यायचं. दर शुक्रवारी. बाटली तोच भरून आणायचा. तपकिरी रंग, आणि चव अशी की खिळा चोखतोय. दोन वर्षांत मान ही अशी झाली." तिनं मान वर करून दाखवली. "अल्लाचं नाव आणि माझ्या भावाचे हात."

मी तोंडातला घास संपवला. शाई पिऊन गलगंड जातो म्हणे. आमच्या देशात विज्ञानाच्या शिक्षणावर इतका खर्च झाला, त्याचं हे फळ. सलावूकडे पाहिलं, तर तो डोळे मिटून पडला होता. दमला असावा.

सोमवार, ३ फेब्रुवारी

विभागात गेले. हल्लीच्या प्रमुख डॉ. ओयेरिंदे म्हणून एक चाळिशीतली बाई आहे. खुर्ची दिली, 'मॅडम' म्हणाली, एवढं बरं. मे महिन्यात विभागाचा महोत्सव आहे, त्यात पहिलं भाषण माझं असावं असंही म्हणाली. मी म्हटलं, बघू.

रजिस्टरं काढून ठेवली होती. माझंच अक्षर, एकाही ओळीत खाडाखोड नाही. मला वाटलं, मी मेल्यावर माझ्या छातीवर एखादं ठेवलं तरी चालेल.

ती नव्या काळातली. तिच्याकडे सगळं डब्यातून तयार येतं. म्हणून मी तिला सांगितलं की आमच्या वेळी इन्सुलिनला किरणोत्सारी आयोडिन हातानं चिकटवावं लागे. महिन्यातून एकदा इंग्लंडहून शिशाच्या भांड्यात चिमुकली कुपी यायची. इन्सुलिनमध्ये त्यातला थेंब, मग क्लोरामिनचा थेंब, चाळीस सेकंद, आणि मग क्रिया थांबवणारा थेंब. वेळ वाढला तर प्रथिन करपतं, कमी पडला तर आयोडिन लागतच नाही. नंतर ते जेलच्या नळीतून गाळायचं. आधी उतरतं ते इन्सुलिनला चिकटलेलं, मागून मोकळं राहिलेलं. अशी खूण केलेलं इन्सुलिन असलं की रोग्याच्या रक्तातलं मोजता यायचं, जे कुठल्याही तराजूला कळणार नाही इतकं थोडं असतं. अर्ध्या देशाचे नमुने आमच्याकडे यायचे.

धोका मोकळ्या आयोडिनचा. ते हवेत उडतं, श्वासातून जातं, आणि मानेतली ग्रंथी ते आपलंच म्हणून धरून ठेवते. तिला चांगलं-वाईट कळत नाही. म्हणून कामाच्या आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी साध्या आयोडिनचे थेंब प्यायचे. घर आधीच पाहुण्यांनी भरलं की चोराला टेकायला जागा राहत नाही. तीन माणसं त्या खोलीत जायची, मी, सलावू आणि ओजो. आम्ही रांगेत उभे राहायचो आणि सिस्टर कॉडलिव्हर तेल द्यायची तसे मी चमच्यानं सगळ्यांच्या जिभेवर थेंब सोडायची. मगच सही.

"१९७८ नंतर त्या खोलीतली हवा बाहेर टाकणारा पंखाच चालत नव्हता," मी म्हटलं. "मी अकरा पत्रं लिहिली आहेत. एकाचं उत्तर नाही. हे लिहून घ्या."

"पंख्याचं आम्ही मान्यच करतो," ती म्हणाली. "पण समितीतले वकील म्हणतात, थेंब घेतलेले असतील तर पंख्यानं काय फरक पडतो? चोराला जागाच नव्हती. रजिस्टर बरोबर असेल तर अर्ज फेटाळला जाणार."

"रजिस्टर बरोबर आहे."

"खात्री आहे ना, मॅडम?"

माझ्या रजिस्टराबद्दल मला असा प्रश्न कुणी केला नव्हता. मी तिला म्हटलं की एकवेळ छापील कॅलेंडर चुकेल.

मग तिनं दुसरी वही उघडली. दर महिन्याला आम्ही मानेजवळ मोजणीयंत्र धरायचो, त्या आकड्यांची. १९७७ च्या सप्टेंबरपासून सलावूचे आकडे आमच्या तिप्पट, चौपट. प्रत्येकाशेजारी पेन्सिलीनं 'यंत्राचा दोष'.

"हे अक्षरही तुमचं?"

"माझंच. यंत्र जुनं झालं होतं."

"तिघांना यंत्र एकच होतं ना?"

मी तिला सांगितलं की मी ते यंत्र तारा बांधून चालू ठेवत होते तेव्हा ती लंगोटात होती. तिनं वही मिटली. मी प्रमाणपत्रावर सही केली आणि आले. बाईला नम्रपणाच्या आडून खोचक बोलायची सवय आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रवचनात लक्ष लागलं नाही. सलावूचे हात आठवत राहिले. इतके स्थिर हात मी पुन्हा पाहिले नाहीत. एके वर्षी सेकंदाचं घड्याळ बंद पडलं, नवीन बंदरावर सहा महिने अडकलं. तोवर आम्ही प्रार्थनेवर वेळ मोजला. मी मनात तीन वेळा 'नमो मारिया' म्हणायची, तो त्याची फातिहा सावकाश एकदा. दोघं एकाच क्षणी संपवायचो. मी 'बस' म्हणायची आणि त्याचा थेंब पडलेला असायचा. खूण केलेलं इन्सुलिन असं सुंदर उतरायचं की प्रोफेसरांनी एकदा विचारलं, नवं घड्याळ कधी आलं?

चर्चमधून येताना जाणवलं की मी गेली कित्येक वर्षं कुणाबरोबर काहीच एकाच क्षणी संपवलेलं नाही.

दिवे गेले. मेणबत्ती वाया घालवणं बरं नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आठवलं. रात्री दोनला जाग आली आणि स्वच्छ आठवलं.

१९७७ चा ऑगस्ट. कुपी आली ती नेमकी रमझानात. सलावू म्हणाला, रोजा आहे, दिवसा थेंब तोंडात घेणार नाही. मी म्हटलं, औषध आहे, देव समजून घेईल. तो म्हणाला, देव घेईल हो, माझे वडील नाही घेणार. शेवटी मी त्याला छोटी बाटली भरून दिली, की पहाटे जेवायच्या वेळी घरीच घे. सही केली.

रमझान संपला. तो म्हणाला, मॅडम, उपाशीपोटी इथं घेतलं की मळमळतं, घरीच घेऊ दे. मी दर महिन्याला बाटली भरून देत राहिले. थेंब मोजून.

म्हणजे मी त्याच्या जिभेवर सोडले नाहीत, एवढंच. तो घेतच असणार. सलावू खोटं बोलणाऱ्यातला नाही. आणि 'घेतले' या रकान्यात सही म्हणजे काही मी डोळ्यांनी पाहिलं अशी शपथ नव्हे.

बुधवार, ५ मार्च

राखेचा बुधवार. सकाळी चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली आणि तशीच येमेतूला गेले. सिनातू बाजारात गेली होती. सलावू अंथरुणावर. गालफडं बसली आहेत.

"मॅडम, कपाळाला काजळी लागलीय."

"माती आहेस आणि मातीला मिळशील, याची आठवण आहे ती."

"मला नको सांगायला," तो म्हणाला.

मी विचारलं, रमझानच्या बाटलीचं काय झालं? त्यानं तोंड छताकडे केलं. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. पुन्हा विचारणार, तेवढ्यात म्हणाला, "पाटीच्या पाण्यात."

मला कळायला वेळ लागला. सत्तर वर्षांच्या बाईला, जिनं आयोडिनवर आयुष्य काढलं तिला, वेळ लागला. तपकिरी शाई. तपकिरी थेंब. चव खिळा चोखल्यासारखी.

"सगळं?"

"सगळं. माझ्या वाटणीचंही. एका बाटलीत दोघांचं भागत नव्हतं. बाबांना ठाऊक असतं तर त्यांनी ओतून दिलं असतं. आयत मात्र खरीच लिहायचो हो. तेवढी लबाडी केली नाही."

"आणि नंतर? तिची मान तर दोन वर्षांत उतरली."

"नंतर आत्येबहीण होती. मग शेजारची एक मुलगी. मग गावात कळलं की सलावूच्या पाण्याला गुण आहे."

"मूर्खा, मला मागायचंस. मी दुसरी बाटली दिली असती."

तो माझ्याकडे वळला. वळायला त्रास झाला. "तुम्ही? टिपकागद घरी नेला म्हणून ओजोला तुम्ही दोन दिवस घरी बसवलं होतंत, मॅडम. तुमच्याकडे कोण मागणार?"

हे तो वाढवून सांगतो. एकच दिवस बसवलं होतं.

मी म्हटलं की हे समितीला सांगू. तो उठून बसायला लागला. मी खांद्याला धरून त्याला परत निजवलं, हाताला नुसती हाडं लागली. सिनातूला कळता कामा नये, म्हणाला. "तिची मान माझ्या मानेवर बसलीय हे तिला कळलं तर ती एक घास गिळायची नाही. माझी शपथ आहे. मी अर्ज मागे घेतो."

"अर्ज मागे घेतलास तर मरशील."

"इंजेक्शन देताना डॉक्टरही इतकं सरळ सांगत नाहीत," म्हणाला. पुन्हा खोकला. त्यानं माझा हात धरला होता. मी तो राहू दिला, कारण सोडवला असता तर त्याला त्रास झाला असता.

सिनातू मिरच्या घेऊन आली, भाव सांगायला लागली. मी निघाले.

रविवार, ९ मार्च

चार दिवस त्याच्यावर चिडून आहे. प्रशिक्षित माणूस, चोराची गोष्ट त्याला पाठ होती, दुसऱ्यांच्या घरात पाहुणे पाठवत बसला आणि आपलं दार उघडं टाकलं.

एक डॉक्टर ओळखीचे आहेत, त्यांना आडून विचारलं. म्हणाले, अशानंच कर्करोग झाला असं छातीठोक कुणीच सांगू शकणार नाही. झालाच नाही असंही नाही. वैद्यकशास्त्राचं हे उत्तर. पिठात मीठ आहेही आणि नाहीही.

बाजूंचा हिशेब असा. रजिस्टर खरं धरलं, तर सलावू दक्षिण आफ्रिकेला जात नाही. सलावूनं खरं सांगितलं, तर समिती म्हणणार, स्वतःची चूक, आणि सिनातूला कळणार. तरीही जात नाही. तिसरी एकच वाट आहे आणि ती माझ्या दारातून जाते.

मी सिस्टर बेनेडिक्टची मुलगी. शाळेत खोटं बोलल्याबद्दल एकदाही छडी खाल्ली नाही. बाकी सगळ्याबद्दल खाल्ली.

मंगळवार, १८ मार्च

कोर्टाच्या आवारात शपथपत्र करून आले. टंकलेखक पेनाच्या टोपणानं कान कोरत बसला होता. बायबलवर हात ठेवायला सांगितलं. ठेवला.

मजकूर मी सांगितला तो असा: ऑगस्ट १९७७ पासून मी सलावू अलाबी यांना आयोडिनचे थेंब दिले नाहीत. बाटली संपली होती, ती मागवण्याचा मी आळस केला. रजिस्टरात मात्र न देताच सह्या करत राहिले. मानेच्या मोजणीतील वाढलेले आकडे मी पाहिले होते आणि ते यंत्राच्या दोषावर ढकलले.

शेवटचं वाक्य लिहायचं ठरवलं नव्हतं. टंकलेखकानं "अजून काही?" विचारलं आणि ते तोंडातून गेलं. एवढं एक खरं आहे खरं तर. बाकीच्यासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहून त्याखाली सही केली.

मंगळवार, ८ एप्रिल

समितीपुढे उभी राहिले. खुर्ची दिली नाही. वकील तरुण होता, माझ्या वयाचा मान राखून लाथ मारत होता. ओजो आज हयात नाही, नाहीतर बाटली मी दर महिन्याला भरून देत होते हे त्यानं सांगितलं असतं. तिघांची बाटली एकच असताना एकट्यालाच कसे दिले नाहीत, असं वकिलानं विचारलं. मी म्हटलं, त्याची रमझानात वेगळी काढली होती, ती पुन्हा भरली नाही. मग सही का केलीत?

"आळस," मी म्हटलं.

तो शब्द मी दुसऱ्यांना इतक्यांदा लावला आहे की तो उच्चारणं सोपं जाईल असं वाटलं होतं.

बाहेर ओसरीत डॉ. ओयेरिंदे मागून आली. हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, खरं काय ते मला सांगाल?"

"सही केली आहे तेच."

"माझा विश्वास नाही."

"तुमचा विश्वास मागितलेला नाही." आणि मग तिचा चेहरा पाहून म्हटलं, "त्यांना लवकर पाठवा. तेवढं करा."

संध्याकाळी तिचाच फोन. महोत्सवाच्या समितीला आता माझं भाषण योग्य वाटत नाही. मी म्हटलं, बरं झालं, मला नवा पोशाख शिवावा लागला असता.

शिवायला टाकला होता. उद्या जाऊन सांगायला हवं.

गुरुवार, १७ एप्रिल

पवित्र आठवडा. कबुलीजबाबाला गेले आणि रांगेतून परत आले. पश्चात्ताप झाल्याशिवाय कबुली देता येत नाही. फादर पोर आहे, त्याला हे समजावत बसायला मला वेळ नाही.

सोमवार, २८ एप्रिल

अर्ज मंजूर! पत्र सलावूच्या घरी आलं, सिनातूनं शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं. मंजुरीचं पान तेवढं, निकालाचं सविस्तर पत्र मागून येणार आहे. ती नाचत होती. मला मिठी मारली, मला ती सवय नाही. सलावूचे फोटो काढायला फोटोवाला घरीच बोलावला, पासपोर्टसाठी. उठवून बसवला तर मान एका बाजूला जायची. मी मागून दोन बोटांनी धरली, फोटोत दिसू नये अशी.

"चाळीस सेकंद, मॅडम," तो म्हणाला.

"एवढा वेळ लागत नाही फोटोला. गप्प बस."

सिनातूला स्वयंपाकघरात पाठवून मला हळूच विचारलं, काय लिहून दिलंत? मी म्हटलं, तुझ्या कामाचं नाही. त्यानं पुन्हा विचारलं नाही. त्याला कळलं असावं. काही बोलला असता तर मी उठून गेले असते, हे त्याला ठाऊक आहे.

रविवार, ११ मे

सलावू आज पहाटे गेला. पासपोर्ट शुक्रवारी आला होता. दुपारच्या आत दफन झालं. मी पोचले तेव्हा पुरुष घेऊन गेले होते. बायकांत बसले.

सोमवार, १२ मे

काही नाही.

रविवार, १८ मे

आठव्या दिवसाची प्रार्थना. गल्लीत मांडव घातला होता. मौलवी बोलत होते, बायका मागच्या बाजूला. मला कुणीतरी खुर्ची दिली, भात आणि मांसाची थाळी दिली. मी पहिला घास उचलला, तेवढ्यात समोर सिनातू उभी.

समितीचं सविस्तर पत्र काल आलं होतं. मास्तरांनी वाचून दाखवलं होतं, प्रत्येक शब्द.

तिनं माझ्या हातातली थाळी घेतली. ओढली नाही, नीट दोन्ही हातांनी घेतली, पाहुण्याकडून घ्यावी तशी.

"माझ्या भावाच्या नावाचं अन्न तुमच्या घशाखाली नको, बाई."

चार महिने मी तिची आई होते.

आजूबाजूच्या बायकांनी थाळ्या खाली ठेवल्या. तिचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, सही करायला हात उठत होता, थेंब टाकायला उठला नाही? आकडे डोळ्यांना दिसत होते, बाजूला पेन्सिलीनं लिहिण्याएवढे दिसत होते, आणि एकदा त्याला हाक मारून विचारावंसं नाही वाटलं?

"त्यानं आमचं अख्खं घर जगवलं," ती म्हणाली. "तुम्हाला एक माणूस सांभाळता आला नाही."

उत्तर माझ्याकडे होतं. माझ्याकडे ते नेहमीच असतं. एक वाक्य पुरलं असतं, आणि ती तिथंच कोसळली असती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं आठ दिवस काही खाल्लेलं दिसत नव्हतं, पण मागे तिची मुलगी वाटीत पेज घेऊन उभी होती, आणि ती आज ना उद्या पिणार होती.

"नाही आला," मी म्हटलं.

ती थाळी घेऊन गेली. मी उठले नाही. प्रार्थना संपेपर्यंत रिकामे हात मांडीवर ठेवून बसले, मग चालत घरी आले.

ते बोलताना मला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. का, त्याचा विचार मी संध्याकाळपासून टाळते आहे.